मागचं डावं दार

सीट कव्हरं बसवायला दोन तास लागतील असं त्यांनी सांगितलं आणि मी मूर्खासारखी मान डोलावली. उल्हासनगरातले दोन तास म्हणजे चार, हे मला माहीत नाही होय? जन्म गेला इकडे. पण गाडी नवी होती. म्हणजे आमच्यासाठी नवी, कुणीतरी सहा वर्षं दामटलेली. आणि बदलापूरहून ती मी स्वतः चालवत आणली होती, चाळिशी दिसायला लागल्यावर शिकून. तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन बाजारात भटकायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून तिथंच घुटमळत राहिले. रेक्झिनचा वास, चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास, शिलाई मशीनची घरघर. बघत बघत वर्कशॉपच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेले. तिथं ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. ताडपत्री एका बाजूनं सरकली होती आणि तेवढ्यातून एक दार दिसत होतं. मागचं, डाव्या बाजूचं. पांढरा रंग पिवळा पडलेला. हँडलच्या खाली वीतभर ओरखडा, शेवटी मासे धरायच्या गळासारखा वळलेला.

शेजारी एक जुना टायर पडला होता, त्यावर मी मटकन बसले. ड्रेसला काळं लागेल वगैरे काही सुचलं नाही. तो ओरखडा आमचा होता, आमच्या मांडवाच्या पाइपानं काढलेला.

माझं असं का झालं ते कळायला आमच्या घरातला फोटो माहीत हवा. बदलापुरात खरवईला आमचं घर होतं तिथं आता इमारत झालीय आणि तिच्यातल्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, मी, माझा नवरा, आणि माझे बाबा. आई गेली तेव्हापासून बाबा माझ्याकडेच आहेत. हॉलमध्ये एकच मोठा फोटो आहे. माझी मोठी बहीण, वनिताताई, लग्न लावून सासरी निघालीय. फोटोत गाडी अख्खी दिसते, बॉनेटवरच्या चांदणीपासून मागच्या दिव्यांपर्यंत, कारण बाबांनीच फोटोग्राफरला दम भरला होता, "गारी पुरी आली पायजे हां!" मागच्या काचेआड ताई बसलीय. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान खाली, नजर खाली, मुंडावळ्या पुढे लोंबलेल्या, डावा खांदा दाराकडे कललेला. पलीकडे नवरा, तोंडाला रुमाल लावून. ताईचा आमच्याकडे असलेला हा शेवटचा फोटो. आल्बम तिच्या सासरी गेला आणि तिकडेच राहिला. ती वारल्यावर तो मागायला कुणाचं तोंड होतं?

बाबा रोज सकाळी आंघोळ झाल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्यानं तो फोटो पुसतात. आणि रोज तेच म्हणतात, "लाजली बघ कशी. खुशीनं गेली माझी पोर. पुढचा नशीब." या एका वाक्यावर माझा बाप पंचवीस वर्षं जगलाय. ताई लाजली म्हणजे खुशीनं गेली, आणि खुशीनं गेली म्हणजे तिला तिथं देण्यात आपण काही वाईट केलं नाही. मी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. मलाही ते खरं हवं होतं. देवाशप्पथ, फार हवं होतं. कारण ती निघाली तेव्हा तिच्या सगळ्यात जवळ दोनच माणसं उभी होती. एक बाबा, दुसरी मी.

बाबांना अख्खी खरवई 'जर्मन' म्हणायची. "जर्मन हाय का घरात?" असं विचारत लोक यायचे. अंबरनाथच्या कारखान्यात ते लेथवर, लोखंड कापायच्या मशीनवर होते, आणि तो लेथ जर्मनीहून आलेला. बसवायला तिकडचा एक गोरा इंजिनिअर आला होता, महिनाभर राहिला आणि गेला. त्या एका महिन्यावर बाबांनी पुढचं आयुष्य काढलं. ड्युटीवरून आले की त्यांच्या हाताला मशीनवरच्या त्या पांढऱ्या, दुधट तेलपाण्याचा वास असायचा. साबणानं जायचा नाही. ताई तो हात नाकाला लावून म्हणायची, "आला जर्मन." खिशातून ते आमच्यासाठी लोखंडाचे वळसे आणायचे, कापताना निघालेले, निळ्या झाकेचे, स्प्रिंगसारखे. ताई ते कानाला लटकवून आरशात बघायची. एकदा कानाची पाळी कापली तिची. रक्त आलं तर बाबा काय म्हणाले माहितेय? "बघ कसा धारदार. जर्मन लोखंड हाय."

संध्याकाळी अंगणात बसून ते गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. ज्या जर्मन माणसानं पहिली मोटार बनवली, त्याच कंपनीच्या गाड्या जगात एक नंबर, राजे-महाराजे त्याच वापरतात, शंभर वर्षं झाली तरी इंजिन हसत नाही, म्हणजे कुरकुरत नाही. त्या गाडीचा दर्जा बघायचा तर इंजिन बघू नका, दार लावून बघा, असं त्यांना त्या गोऱ्या साहेबानं शिकवलं होतं. हलक्या गाडीचं दार पत्र्यासारखं खणकतं. जर्मन गाडीचं दार दोन बोटांनी ढकलायचं आणि 'थप्' असा आवाज येतो. बाबा तोंडानं तो आवाज काढायचे. ओठ मिटून, गाल किंचित फुगवून, थप्. आम्ही दोघी घरातल्या लाकडी पेटीचं झाकण लावून तसा आवाज येतो का बघायचो. आई ओरडायची, "खुळ्या झाल्यात दोघी बापामागं."

ताईला मात्र एकच गोष्ट हवी असायची. त्या पहिल्या मोटारीची. ज्यानं ती बनवली त्याला ती रस्त्यावर लांब न्यायचा धीरच होत नव्हता. लोक हसत होते. मग एक दिवस भल्या सकाळी त्याच्या बायकोनं नवरा झोपेत असताना दोन मुलांना उठवलं, गाडी बाहेर काढली आणि निघाली. कुठं? तर माहेरी! आईला भेटायला. जगात कुणी मोटारीनं एवढ्या लांब गेलं नव्हतं आधी. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळीत कचरा अडकला तर टोपीची पिन काढून साफ केली. बाबा टोपीबिपी म्हणत नसत, ते म्हणत, "अंबाड्यातला आकडा काढला न् घातला नळीत." ब्रेक झिजले तर चपला शिवणाऱ्याकडून चामडं ठोकून घेतलं. चढाला मुलांनी ढकललं. आणि अंधार पडता पडता माहेरच्या दारात.

"मग तिच्या आईनं काय केला?" ताई दर वेळी विचारायची.

"मना काय माहीत? साहेबानं तेवढा सांगितला नय."

"आंघोळीला पाणी तापवलं असेल," ताई म्हणायची. "धुळीनं भरली असेल ना ती."

चिमणीच्या... नाही, चिमणी नाही, तेव्हा आमच्याकडे वीज होती. बघा, आठवणींना असं जुनं करायची सवय लागते. पिवळा बल्ब होता ओसरीवर, त्याभोवती पाखरं फिरायची, आणि वाऱ्याची दिशा बदलली की अंबरनाथकडून केमिकलचा आंबूस वास यायचा. ताई नाकाला ओढणी लावून बसायची आणि म्हणायची, "मी पण अशीच येनार. दार वाजवनार पण नय. सरळ आत."

ताईला बघायला आले ते लोक त्याच जर्मन कंपनीच्या गाडीतून आले. पांढरी शुभ्र, बॉनेटवर चांदणी. खरवईच्या रस्त्यावर तोवर तशी गाडी शिरली नव्हती. पोरं मागून धावली, कुत्री धावली, म्हाताऱ्या दारात आल्या. गाडी आमच्याच अंगणात थांबली तेव्हा बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, इतका आनंद. त्यांनी पाहुण्यांना नमस्कार करायच्या आधी गाडीचं दार लावून बघितलं. थप्. डोळेच मिटले त्यांनी. आईनं ओवाळायचं ताट आणलं, ते आधी गाडीला ओवाळलं, चांदणीला कुंकू लावलं, चाकावर पाणी घातलं. मग मुलाला. कोण कुठला मुलगा, काय करतो, हसतो कसा, बोलतो कसा, कोण बघतंय! चहा पिताना बाबा त्याच्या बापाला मॉडेल विचारत होते. "आपलीच हाय," बाप म्हणाला, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

आमच्यात एक पद्धत आहे. मुलगी द्यायच्या आधी मुलीकडच्या बायका-माणसं मुलाचं घर बघायला जातात. चूल बघतात, विहीर बघतात, घरातल्या सुनेशी न्हाणीघराच्या मागे दोन शब्द बोलतात. खरं काय ते तिथंच कळतं. आईनं लुगड्याची घडी काढून ठेवली होती जायला. बाबा म्हणाले, "ज्याच्या दारात ती गारी, त्याचा घर काय बघायचा? त्यांना काय वाटंल?" आईनं घडी पुन्हा पेटीत ठेवली. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास आला, झाकण बंद झालं. या वासाची मला अजून शिसारी येते.

ताईला कुणी विचारलं का? विचारलं असेल. मला आठवत नाही. बारा वर्षांची होते मी. मला गाडीत बसायला मिळणार का एवढंच माझ्या डोक्यात.

लग्न वैशाखात लागलं. मांडवाला आंब्याचे टाळे, उंबराची फांदी, आणि धवलारीण दोन दिवस धवले गात होती. आमच्याकडे लग्नात ही बाई गात असते, देवांना बोलावते, नवरीला हळदीपासून वाटेला लावेपर्यंत तिचं गाणं थांबत नाही. तिचा आवाज बसला होता, घोगरा झाला होता, तरी गात होती. तांदळाच्या पिठाचा, हळदीचा, तेलात सुटलेल्या वड्यांचा, माणसांच्या घामाचा असा एक जाड वास. ताईचा अंबाडा मी घातला. मीच. बारा आकडे लागले, तेरावा माझ्या दातात होता. "पुरे गं, टोचतायत," ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, वाटेत नळी साफ करायला लागतील." ती हसली नाही. मला राग आला होता, एवढा चांगला विनोद केला आणि ही हसत नाही म्हणून.

निघायच्या वेळी काकानं मांडवाचा पाइप ओढला, तो घसरून गाडीच्या मागच्या डाव्या दारावर पडला. कर्र. बाबांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग ताईला आत बसवलं. पदर दारात येऊ नये म्हणून त्यांनी तो स्वतः गोळा करून तिच्या मांडीवर ठेवला. "कोन आपटू नका रं," ते सगळ्यांना म्हणाले. दार त्यांनाच लावायचं होतं. दोन बोटांनी. थप्. बँड कान फोडत होता, तरी मला तो आवाज ऐकू आला. काचेतून मी ताईकडे बघत होते. तिनं मान खाली घातली. तिचा खांदा दोनदा हलला. मला वाटलं, हुंदका. फोटोग्राफर ओरडला, "बाजूला व्हा!" आणि फ्लॅश पडला.

तीन आठवड्यांनी हेंद्रेपाड्याला आम्ही दुसऱ्या एका लग्नाला गेलो. वरात आली, आणि गाडी तीच. हँडलखाली वीतभर ओरखडा, शेवटी वळलेला. आत वेगळीच माणसं. मी धावत जाऊन बाबांना ओढत आणलं. त्यांनी ओरखड्यावर बोट ठेवलं. किती तरी वेळ ठेवलं. बँडवाले त्यांच्याभोवतून निघून गेले. मग माझा दंड धरून म्हणाले, "तोंडातून एक सबूद काडशील तर बघ." घरी येताना रिक्षात एकदाच बोलले. "भाड्याची असली म्हनून काय झाला? गारी तर खरी होती ना."

गाडी खरी होती.

ताई अंबरनाथच्या पलीकडे दिलेली. रिक्षानं अर्धा तास. एवढ्याशा अंतरावरून ती वर्षात एकदा आली, गौरीला. आली ती वाळलेली. आईनं पाणी तापवलं, तर न्हाणीघरात मला येऊ देईना, कडी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी न्यायला निरोप आला तेव्हा ओसरीच्या खांबाला पाठ लावून ती बसली आणि म्हणाली, "मना नय जावाचा, बाबा." ओरडून नाही. भाजी नको म्हणावं तसं. बाबा घाबरले. आता कळतं मला, माझा बाप घाबरला होता. लोक काय म्हणतील, 'जर्मन'नं पोरगी कुठं दिली. ते म्हणाले, "वने, लोखंड तापल्याबिगर घडत नय. थोडा काढ."

ताईनं विचारलं, "ती बाई, माहेरी गेलेली. ती परत गेली का?"

"गेली ना," बाबा म्हणाले. उत्तर सापडल्याचं समाधान होतं त्यांच्या आवाजात. "तीन दिवसांनी गेली. त्याच गारीनं."

ताई उठली. पिशवी भरली. जाताना माझ्या हातात तिनं लोखंडाचा एक वळसा दिला, जुना, गंजलेला. कुठं जपून ठेवला होता कोण जाणे. होळीच्या आदल्या दिवशी निरोप आला. कशानं गेली ते मी इथं लिहिणार नाही. कागदावर जे लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलंय, आणि जे लिहिलं नाही ते न्हाणीघराच्या कडीमागे होतं.

नंतर बाबांनी जर्मन गाड्यांच्या गोष्टी सांगणं बंद केलं. कारखाना बंद झाला, लेथ कुणीतरी उचलून नेला, 'जर्मन' म्हणणारी माणसं एकेक करून गेली. मागे मी मोबाइलवर वाचलं. म्हटलं बघावं तरी, कसली ही पुण्याई. ती माहेरी गेलेली बाई खरी होती. पिन खरी, औषधाचं दुकान खरं. आणि हेही होतं, की तिकडच्या मोठमोठ्या मोटार कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसं धरून आणून, जबरदस्तीनं राबवली होती. बायकासुद्धा. ते गोऱ्या साहेबानं बाबांना सांगितलं नसणार. कशाला सांगेल? नाव मोठं असलं की आतलं कोण विचारतं! मी तो मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

तर टायरवर बसलेली मी. वर्कशॉपचे मालक, सत्तरीच्या पुढचे सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणतात आणि तेही सगळ्यांना साईंच म्हणतात, पाण्याचा ग्लास घेऊन आले. "क्या हुआ बेटी, चक्कर आया?"

"ये गाडी..." मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. ताडपत्री त्यांनी अख्खी ओढून काढली. चांदणी नव्हती, नुसता खड्डा होता. "मेरी है. बहुत साल शादी में चली, साईं. कल्याण, बदलापूर, सब तरफ. दूल्हेवाले बोलते थे, वही सफेदवाली चाहिए. जर्मन है ना! अभी कागज खतम. परसों भंगारवाला ले जाएगा." आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मी बसू का जरा? मागे?"

त्यांना नवल वाटलं नसावं. जुन्या गाडीत बसायला लोक मागत असतील. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, मी आत सरकले, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी दार लावलं. दोन बोटांनी. थप्.

उल्हासनगर बंद झालं. मशीनची घरघर, हॉर्न, कुणाची तरी शिवी, सगळं एकदम गेलं. आत कुबट स्पंजचा वास, खाली खोलवर कुठंतरी उदबत्तीचा. सीटच्या फटीत बोट घातलं तर नखाला तांदळाचे दोन दाणे लागले. अक्षता. कुणाच्या कोण जाणे, पंचवीस वर्षांत शेकडो नवऱ्या बसल्या असतील इथं. तरी मी ते मुठीत धरले आणि रडले. तोंड उघडून रडले, कुणी ऐकणार नव्हतं. "ताई गं," म्हटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

मग उकडायला लागलं. डोळे पुसले, उतरावं म्हटलं. हँडल दिसेना, खाली होतं, मान वाकवून शोधलं. डाव्या हातानं ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं, जोर लावून. नाही. साईं पाठमोरे, फोनवर बोलत होते. आणि समोरच्या काळपट काचेत मला दिसलं. मान खाली. नजर खाली. डावा खांदा दाराकडे कललेला. फोटो.

मी काचेवर मूठ मारायला लागले. साईं वळले, धावत आले, बाहेरून दार उघडलं. "अरे अरे बेटी, अंदर से नहीं खुलता! बच्चोंवाला लॉक है. शादी में सब बच्चे पीछे घुसते थे, चलती गाडी में किसी ने खोल दिया तो? मैं तो पहले दिन से लगा के रखा."

"पहले दिन से?"

"पहले दिन से, साईं. कभी निकाला ही नहीं."

मी मनाशी म्हटलं, पदर अडकला असेल ताईचा. तो सोडवत असेल. पण पदर बाबांनी गोळा करून मांडीवर ठेवला होता, मी बघितलं होतं. म्हटलं, बांगडी अडकली असेल, नुसतंच चाचपत असेल बिचारी, कधी बसली नव्हती अशा गाडीत. मी तिथं उभी राहून काय काय कारणं शोधली! एकही टिकेना. दोनदा हलला होता खांदा. माझाही दोनदाच हलला.

साईंनी मला लॉक दाखवलं. दाराच्या कडेला, लोखंडाच्या आत बसवलेला एवढासा खटका. दार उघडं असेल तरच दिसतो, आतल्या माणसाच्या हाताला लागत नाही. तिच्या अंबाड्यात मी खोचलेले बारा आकडे होते, त्यातला एकही तिथं पोचला नसता. मी तो खटका नखानं खाली केला. आत बसले, दार लावलं, हँडल ओढलं. उघडलं, सहज. एका नखाचं काम. पण ते बाहेरून करायचं होतं, आणि बाहेर त्या दिवशी अख्खी खरवई उभी होती.

परत येताना गाडी कशी चालवली मला माहीत नाही. सीट कव्हरं लालभडक बसवली होती, मी ती घरी पोचल्यावर पाहिली. बाबा खाली कट्ट्यावर माझी वाट बघत बसले होते, नवी गाडी बघायला. काठी टेकत आले, भोवती फिरले. "दार लाव बघू," म्हणाले. मी लावलं. खणकलं, पत्र्यासारखं. बाबा हसले. "हलकी हाय गं."

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. काय मिळवायचं होतं मला? पण ते दार, तो आवाज, आणि त्यांचं ते हसणं. माझ्या तोंडून गेलं. "आतून उघडते तरी, बाबा. ताईच्या गारीचा मागचा दार आतून उघडत नव्हता. लॉक होता. आज बसून आले मी तिथं. ती लाजली नव्हती, ती हँडल ओढत होती."

माझे बाबा मशीनवर काम केलेले. त्यांना कुठलाही खटका दोनदा समजवावा लागत नाही. त्यांनी फक्त आपली दोन बोटं वर केली, दार लावायची ती, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरला तर सोडवून घेतला. जिना एकट्यानं चढले.

आज चौथा दिवस. बाबा आंघोळ करतात, कपडे घालतात, गॅलरीत जाऊन बसतात. बनियनचा तुकडा खिळ्याला तसाच लटकतोय. फोटोवर धूळ बसलीय, आणि मी पुसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दिसतेय ती."